न धुतलेली पाठ

ईनॉक गॅड्सबी पाळी संपवून घरी आला की मागच्या दाराशी बूट काढायचा, मग शर्ट काढायचा आणि शेगडीपुढे मांडलेल्या जस्ताच्या टबाशी गुडघे टेकून बसायचा. थर्झा, त्याची बायको, त्याचं डोकं धुवायची, मान धुवायची, दोन्ही हात खांद्यापर्यंत घासायची. छातीवरून काळं पाणी ओघळायचं आणि आतून एक लालसर गोरा, बऱ्यापैकी देखणा माणूस निघायचा. मग तो उठून वळायचा, आणि मागून पाहिलं तर भुयारातून तेवढ्यात वर आलेला, काळाकुट्ट, दुसराच ईनॉक. या दुसऱ्या ईनॉकला पाणी लावायचं नाही असा नियम होता. कोरड्या फडक्यानं वरची धूळ झटकायची आणि शर्ट चढवायचा.

हा नियम काही ईनॉकच्या डोक्यातून निघालेला नव्हता. स्कार्थवेलच्या खाणीत त्याचा आजा पाठ न धुता गेला, बाप पाठ न धुता गेला. पाठ धुतली की कणा मऊ पडतो, आणि मऊ कण्याचा माणूस तीन फुटी थरात ओणवा होऊन दिवसभर कोळसा कसा काढणार? चेहरा धुवावा, कारण चेहरा घेऊन चर्चमध्ये जावं लागतं. पाठ खाणीची असते.

थर्झा मूळची नॉटिंगहॅमची, लेसच्या कारखान्यातली. तिथं सूत डागाळू नये म्हणून बायका दिवसातून दहादा हात धुवायच्या. लग्न होऊन खाणकामगारांच्या घरांच्या रांगेतल्या या घरात आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तिनं नव्या नवऱ्याचे हात धुतले, छाती धुतली आणि ओला पंचा घेऊन ती त्याच्या मागं गेली. तेवढ्यात सासूनं, म्हणजे केझायानं, तिचं मनगट धरलं.

"काय करतेस?"

"पाठ धुते."

"विधवा व्हायची एवढी घाई झालीय?"

थर्झाला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. ती हसली. मग तिनं पाहिलं की हसणारी ती एकटीच आहे. ईनॉक टबाशी गुडघ्यांवर बसून मान खाली घालून वाट बघत होता, न्हाव्यापुढं बसलेला मुलगा बघतो तशी.

"पाणी लागलं की पाठ नेश होते," केझाया म्हणाली. "तुमच्या गावात चालत असेल. इथं नेश माणसाला कुणी जोडीला घेत नाही."

'नेश' हा शब्द थर्झानं त्याआधी ऐकला नव्हता असं नाही. पण नॉटिंगहॅमला तो आजीच्या तोंडचा, अर्धा लाडाचा शब्द होता. आंघोळीला कुरकुरणाऱ्या पोराला म्हणायचा. स्कार्थवेलमध्ये त्याच शब्दाला दात होते. ज्याला थंडी सोसत नाही तो नेश. बोट कापल्यावर जो फडकं शोधतो तो नेश. कोट घालून खाणीवर जाणारा नेश, चहा निववून पिणारा नेश, बापाच्या प्रेतयात्रेत नाक पुसणारा तर नक्कीच नेश. मराठीत त्याला शेळपट म्हणता येईल. पण शेळपट माणसाची निदान कीव येते. नेश माणसाची रांगेत कुणाला कीव येत नसे.

शेजारच्या ॲमॉस साउटरचं उदाहरण होतंच. ॲमॉस ईनॉकचा खाणीतला जोडीदार. एकाच थरात, एकमेकांच्या घामाच्या अंतरावर दोघांचा जन्म गेला. एका वर्षी त्याच्या बायकोनं, लेटीनं, त्याला लोकरीचा गळपट्टा विणून दिला आणि हा भला माणूस ऑक्टोबरातच तो घालून बाहेर पडला. पुढची कित्येक वर्षं खाणीत नेणाऱ्या पिंजऱ्यातून खाली उतरताना कुणी ना कुणी त्याला विचारायचं, "बाईसाहेब, कितवा महिना?" रांगेत पोलीस फारसा दिसत नसे. त्याची गरज नव्हती. हा शब्द होता.

वर्षं गेली. केझाया गेली. मूलबाळ झालं नाही. थर्झाचं मनगट धरायला आता कुणी नव्हतं, पण तोवर ते धरावं लागत नव्हतं. माणूस कशालाही सरावतो, अर्ध्या धुतलेल्या नवऱ्यालाही. ईनॉकच्या अंगाला आपण नेमकं कुठवर ओळखतो याची तिला एक सीमा ठाऊक होती. ती खांद्यांवरून जायची आणि तिच्या पलीकडचा मुलूख खाणीच्या मालकीचा होता.

मग खाणी सरकारच्या झाल्या आणि काही वर्षांनी स्कार्थवेलला खाणीच्या तोंडाशी न्हाणीघर बांधलं गेलं. पांढऱ्या फरश्या, वरून पडणारं गरम पाणी, आणि प्रत्येकाला दोन कपाटं: एक मळक्या कपड्यांचं, एक स्वच्छ कपड्यांचं. उद्घाटनाला बँड होता. तरुण पोरं पहिल्याच दिवशी आत घुसली. ॲमॉस आठवडाभर दाराशी घुटमळला आणि मग गेला.

"दोन कपाटं देतात लेका," परतताना तो ईनॉकला सांगत होता. तो स्वच्छ, हा काळा. "घरी लेटीच्या परकरांपायी मला धड एक खुंटी मिळत नाही."

"आणि पाठ?" ईनॉकनं विचारलं.

"पाठ एकमेकांची घासायची. रांगच लावतात. मी पुढच्याची, मागचा माझी."

"म्हणजे आता एका बायकोत भागत नाही म्हण."

"अरे, ये तर एकदा! पाणी काय गरम असतं म्हणून सांगू!"

"तुझा कणा कुठाय ॲमॉस?"

"जिथं होता तिथंच. मागं."

ॲमॉसचा कणा कधी मोडतो याची ईनॉकनं सगळा हिवाळा वाट पाहिली. मोडला नाही. यावरून ईनॉकनं असा निष्कर्ष काढला की ॲमॉसला तो मुळात नव्हताच. हळूहळू पाठ न धुणारे म्हातारे निवृत्त झाले, मेले किंवा गरम पाण्याला फितूर झाले, आणि एक दिवस असा आला की पाळी सुटल्यावर रस्त्यानं काळा घरी येणारा ईनॉक एकटाच उरला. बसचा कंडक्टर त्याला खाली बसू देईना. ईनॉक म्हणाला, बसायचंय कुणाला? आणि तो चालत येऊ लागला. थर्झाला ते लाजिरवाणं वाटायचं आणि थोडंसं, कुणाला सांगण्यासारखं नाही इतकंसं, थोरही वाटायचं.

सोमवार हा धुण्याचा वार. अशाच एका सोमवारी बंडी खळबळताना तिला डाग दिसला.

बंडीवर डाग असणं यात विशेष काही नव्हतं. ठेंगण्या थरात माणूस रांगतो तेव्हा मणक्यांवरची कातडी छताला घासते. खपली धरते, निघते, पुन्हा धरते, आत कोळसा बसतो आणि जन्मभराचे निळे ठिपके राहतात. खाणीतले लोक त्यांना पाठीची बटणं म्हणत. प्रत्येक बंडीवर त्या बटणांचे पिवळट तांबूस ठसे असायचे, वरून खाली, एका ओळीत. हा डाग ओळ सोडून होता. डाव्या खवाट्याजवळ, चार बोटं बाजूला. पुढच्या सोमवारी तो तिथंच होता. त्याच्या पुढच्याही.

"तुझ्या पाठीला काही लागलंय का?"

"बटणं असतील."

"बटणं मधे असतात. हे बाजूला आहे."

"मग शिंप्याची चूक," ईनॉक म्हणाला आणि पावावर चरबी पसरू लागला.

त्या मार्चमध्ये एका रविवारी दुपारी त्यांच्याकडे विद्यापीठातला एक तरुण आला. जुने गावठी शब्द लोकांच्या तोंडून गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं. त्यासाठी त्याला असा माणूस हवा होता की ज्यानं जन्मात गाव सोडलेलं नाही आणि ज्याचे पुढचे दात शाबूत आहेत. या दोन्ही कसोट्यांना उतरणारा रांगेत ईनॉकच होता. तो तरुण जाड कोट न काढता खुर्चीत बसला, गळपट्टाही तसाच, आणि बोलता बोलता खुर्ची इंचाइंचानं शेगडीकडे सरकवत राहिला. डुकराच्या कुंडाला काय म्हणता, गवताच्या गंजीला काय म्हणता, असं विचारता विचारता त्यानं विचारलं, "ज्याला थंडी फार वाजते, त्या माणसाला तुम्ही काय म्हणता?"

ईनॉकनं त्याच्या कोटाकडे पाहिलं. गळपट्ट्याकडे पाहिलं. शेगडीच्या जाळीला टेकलेल्या त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"असा माणूस इथं नाही," तो म्हणाला.

"समजा, असता तर?"

"तर तो नॉटिंगहॅमला राहायला गेला असता."

थर्झा चहा ढवळत राहिली. ईनॉक डुकराला खायला घालायला परसात गेला तेव्हा तिनं तो शब्द सांगून टाकला, कुजबुजत, माहेरचं एखादं लफडं सांगावं तसा. तरुणाचा चेहरा उजळला. हजार वर्षांहून जुना शब्द, तो म्हणाला. पूर्वी त्याच्या तोंडाशी एक हकार असायचा, नुसता श्वास सोडल्यासारखा. तो पुढं झिजून गेला. आणि अर्थ साधा होता: मऊ. पिकलेलं फळ, कोवळं गवत, पावाचा आतला गर, तान्ह्या पोराची कातडी, सगळ्याला तोच शब्द. समुद्रापलीकडे गॉथ लोकांकडे त्याचा चुलतभाऊ होता. ते तलम वस्त्राला तो शब्द लावत. त्याच्याही मागं तो कुठून आला ते कळत नाही, माग तिथं तुटतो. शहरांनी तो कधीच टाकून दिला, पण इकडच्या खाणपट्ट्यातल्या लोकांनी सांभाळलाय.

"आम्ही?" थर्झा म्हणाली. "तो सांभाळतो आम्हाला. शिवी कधीपासून झाली त्याची?"

"ते आमच्या प्रश्नांत नाही, बाई."

"मग दुसरं सांगा. तुम्ही शिकलेले आहात. पाठ धुतली तर कणा मऊ पडतो का हो?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. यातही एखादा जुना शब्द दडला असेल असं त्याला वाटलं असावं. "मी शब्दांचा माणूस," तो शेवटी म्हणाला. "पाठीचं डॉक्टरला विचारा." आणि तो गळपट्टा घट्ट करून मार्चच्या उन्हात बाहेर पडला.

डॉक्टरकडे ती गेली. डॉक्टर म्हणाला, घेऊन या. पाठ घरी ठेवून आलात तर मी काय बघणार? तिनं ईनॉकला सांगितलं. ईनॉक म्हणाला, "डॉक्टर काय करणार ते मला माहितीय. धुणार."

शनिवारी दुपारी गुत्त्यावरून आल्यावर शेगडीपुढच्या चिंध्यांच्या गालिच्यावर पालथं पडून झोपायची त्याची सवय होती. अशाच एका शनिवारी तिनं पाणी कोमट केलं, फ्लॅनेलचा तुकडा पिळला, त्याचा शर्ट वर सरकवला आणि डाव्या खवाट्याजवळ हलक्या हातानं पुसायला सुरुवात केली. इतक्या वर्षांचा थर एका फटक्यात निघत नव्हता. आधी काळं, मग करडं, मग अचानक खालून पांढरी कातडी दिसली. तिला क्षणभर परक्या माणसाला उघडं पाहिल्यासारखं वाटलं. तिनं पुढं पुसलं. तिथंही काळं होतं; पण ते काळं निघेना. तिनं पाणी बदललं, पुन्हा पुसलं. निघेना. ते कातडीवर नव्हतं, कातडीचंच होतं: जरासं उचललेलं, कडा शाई सांडल्यासारख्या वेड्यावाकड्या आणि मध्ये ओल.

ईनॉक जागा झाला.

"काय करतेस?"

"ईनॉक, तुझ्या पाठीवर काहीतरी..."

"किती धुतलीस?"

"अरे, ऐक तर."

"किती धुतलीस?" घरात चोरी झाल्यावर किती गेलं विचारावं, तसा त्याचा आवाज होता.

"तळहाताएवढी."

तो उठून उभा राहिला. पुढं वाकला, मागं वाकला, दोन्हीकडे वळून पाहिलं. कणा शाबूत वाटला असावा. पण त्याचा काय भरवसा. मग तो परसात जाऊन डुकराशेजारी बसला.

सोमवारी खाणीत एक खांब सरकला आणि दगड ईनॉकच्या खांद्याला चाटून गेला. खांब कुणी लावला होता याची कुणी चौकशी केली नाही. घरी निकाल लागलेला होता: दोष धुतलेल्या पाठीचा. त्या दिवसापासून तो शर्ट विजारीत खोचून झोपू लागला आणि गालिच्यावर पडणं त्यानं बंद केलं.

थर्झाकडे आता एकच गोष्ट उरली होती. ती वापरायला तिनं जानेवारीपर्यंत वेळ घेतला. तोवर बंडीवरचा डाग बशीएवढा झाला होता आणि गरम पाण्यात टाकला की त्याचा वास यायचा.

कोळसा वाटपाचा दिवस होता. खाणीकडून प्रत्येक दारासमोर ढीग ओतला जाई आणि मग सगळी रांग फावडी घेऊन तो आत वाहून नेण्याच्या कामाला लागे. बर्फ पडून गेलेलं, डबकी गोठलेली, सगळ्यांच्या तोंडातून वाफ. ॲमॉस आणि लेटी त्यांच्या ढिगाशी होते. थर्झा फावडं टेकवून सरळ उभी राहिली.

"डॉक्टर म्हणतो, पाठ दाखव. दाखवणार आहेस का?"

"आता? रस्त्यात?" ईनॉक म्हणाला. आसपास दोघं-चौघं हसले.

"तू नेश आहेस, ईनॉक गॅड्सबी." तिनं आवाज चढवला नाही, चढवायची गरज नव्हती. "कोमट पाण्याला भितोस. म्हणून दाखवत नाहीस. तू नेश आहेस."

फावडी थांबली. रांगेत नवऱ्याला दारुडा म्हणणाऱ्या बायका होत्या, चोर म्हणणाऱ्या होत्या, एकीनं नवऱ्याला कढई फेकून मारली होती. हे मात्र आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

ईनॉकनं फावडं भिंतीला नीट टेकवून ठेवलं. बोळातून तो परसात गेला. मागोमाग रांग गेली. परसातल्या नळाला बर्फाची दाढी लोंबत होती. ती त्यानं बुटानं फोडली. शर्ट काढला, बंडी काढली, आणि नळाच्या ओंजळी भरभरून छातीवर, दंडांवर, पोटावर पाणी घेत तो उभा राहिला. किती वेळ ते कुणी मोजलं नाही. पण बघणाऱ्यांचे पाय गारठायला लागले तरी तो तिथंच होता. अंग आधी लाल झालं, मग जांभळट. दात एकावर एक वाजले नाहीत.

"शाब्बास रे वाघा!" ॲमॉस ओरडला आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. न्हाणीघरात जाऊन आलेल्या सगळ्यांच्या टाळ्या जरा जास्तच जोरात होत्या.

"झालं समाधान?" ईनॉकनं थर्झाला विचारलं.

थर्झा टाळ्यांकडे बघत नव्हती. तो कसा उभा राहिला होता ते तिनं पाहिलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पाठ डुकरखान्याच्या भिंतीला लावून.

"चारचौघांत असं बोलू नये गं नवऱ्याला," लेटी नंतर तिला म्हणाली. "दुसरं काही बोल. हवं तर मार."

त्या शब्दाच्या वरचा शब्द रांगेत नव्हता. तिनं तो वापरून टाकला होता.

वसंतात ईनॉकचा डावा हात फावडं उचलेना. काखेत कोंबडीच्या अंड्याएवढी गाठ आली होती. पुढं खोकला आला. खाणीतल्या माणसाला खोकला म्हणजे सकाळचा चहा, म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. खोकल्यातून रक्त आलं तेव्हा डॉक्टर घरी आला. ईनॉक छाती पुढं काढून बसला. डॉक्टरनं छाती तपासली, काख तपासली आणि म्हणाला, "वळा."

ईनॉकनं थर्झाकडे पाहिलं. मग वळला आणि स्वतःच शर्ट वर केला.

डॉक्टर वाकून जवळून बघू लागला. "कधीपासून आहे हे?"

"कळणार कसं?" थर्झा म्हणाली.

स्वयंपाकघरात येऊन डॉक्टरनं तिला हळू आवाजात सांगितलं. मुळं आत फुफ्फुसापर्यंत गेली आहेत, आता चाकूचा उपयोग नाही. सुरुवातीला हे अर्ध्या क्राउनच्या नाण्याएवढंही नसेल, तेव्हा काढलं असतं तर गोष्ट वेगळी. "पण इतकी वर्षं कुणाच्या नजरेला पडलं नाही?"

"तिथं आम्ही बघत नाही," थर्झा म्हणाली.

इस्पितळात जायला ईनॉकनं नकार दिला. पलंग खालच्या बैठकीच्या खोलीत आणला. रांगेतल्या बैठकीच्या खोल्या नाताळ आणि मयत याच दोन गोष्टींसाठी उघडत, आणि नाताळ अजून लांब होता. तेव्हा ईनॉकला कुणी काही सांगण्याची गरज नव्हती. कुणी सांगितलंही नाही. त्यानंही विचारलं नाही. ॲमॉस रोज पाळीनंतर यायचा, न्हाऊन, केसाला पाणी लावून, आणि खाणीतल्या बातम्या सांगायचा.

"तुझ्या जागी एक पोरगं दिलंय. हातमोजे घालतं."

"हातमोजे!"

"लोकरीचे."

ईनॉक हसता हसता खोकायचा आणि खोकता खोकता दमायचा.

रोज संध्याकाळी थर्झा कोमट पाणी आणून त्याची छाती पुसायची, हात पुसायची आणि मग विचारायची, "पाठ?"

"नको."

"दुखतंय ना?"

"उन्हाळ्यात परत खाली जायचंय, थर्झा. मऊ पाठ घेऊन कुठं जाऊ?"

ती पंचा पिळायची आणि पाणी मोरीत ओतायची. एकदा, नाताळ होऊन गेल्यावर, तो आपणहून बोलला.

"नेश म्हणालीस मला."

"म्हणाले."

"चारचौघांत."

"हो."

त्याचं अंग आता इतकं वाळलं होतं की पांघरुणाखाली कुणी आहे की नाही ते हात लावून बघावं लागायचं.

"पाणी फार गार होतं त्या दिवशी," ईनॉक म्हणाला. "फार गार. जीव जातोय असं वाटलं."

थर्झानं त्याच्या पायावरचं पांघरूण खोचलं.

"ॲमॉसला सांगू नकोस," तो म्हणाला.

"नाही सांगणार."

"शेगडीत जरा कोळसा टाक."

तिनं टाकला. मग विचारलं, "पाठ?"

"नको म्हटलं ना."

फेब्रुवारीत एका सकाळी, खाणीचा भोंगा वाजून बूट रस्त्यानं खडखडत गेल्यावर, तो गेला. थर्झा शेजारी जाऊन लेटीला घेऊन आली. रांगेत पोर जन्माला आलं तरी लेटी आणि माणूस गेला तरी लेटी. दोन्ही कामांना तिच्याकडे एकच पांढरा एप्रन होता. तिनं डोळे मिटलेले राहावेत म्हणून त्यांवर पेनीची नाणी ठेवली, हनुवटी फडक्यानं बांधली, बादलीतल्या पाण्यानं चेहरा, हात, पाय पुसले. मग इस्त्रीचा पांढरा शर्ट हातात घेऊन म्हणाली, "धर गं त्याला जरा. चढवू या."

"पाठ राहिलीय," थर्झा म्हणाली.

"पाठ राहू दे. ती खालीच असते."

"उलटा कर त्याला."

"अगं, ईनॉकची पाठ... त्याला नसतं चाललं."

"उलटा कर, लेटी."

दोघींनी मिळून त्याला पालथा केला. वजन असं काही उरलंच नव्हतं. लेटीनं फडकं बादलीत बुडवलं तशी थर्झानं तिचं मनगट धरलं.

"गार आहे ते."

"अगं बाई, त्याला आता काय कळतंय गार आणि गरम?"

"गरम हवं."

तिनं मोठी किटली शेगडीवर ठेवली. पाणी तापेपर्यंत दोघी शेगडीपाशी बसून राहिल्या. लेटीनं मध्येच एकदा डोळे पुसले आणि धुराला नावं ठेवली. मग थर्झानं टब पलंगाशी ओढला, कोपर बुडवून पाणी पाहिलं आणि मानेखालून सुरुवात केली. पाणी काळं झालं की लेटी ते मोरीत ओतून यायची आणि थर्झा नवं घ्यायची. आजाचं, बापाचं आणि ईनॉकचं असं सगळं एकदम निघाल्यासारखं काळं येत राहिलं. निळी बटणं वर आली, एकाखाली एक, ओळीत. डाव्या खवाट्याजवळची जागा तिनं भोवतीनं पुसली, तिथं फडक्याचा भार येऊ दिला नाही. बाकी पाठ पांढरी होती. उन्हानं, वाऱ्यानं, पाण्यानं, कुणाच्या हातानं कधी न शिवलेली. कोटवाल्या तरुणानं सांगितलेल्या सगळ्या गोष्टी तिला आठवल्या नाहीत. पावाचा आतला गर तेवढा आठवला. तिनं त्या पाठीवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

पाळीच्या मधल्या सुट्टीत निरोप मिळाला म्हणून ॲमॉस तसाच वर आला होता, न धुता. आज इतक्या वर्षांनी तो रस्त्यानं काळा चालत आला होता. दारात उभं राहून त्यानं टोपी काढली आणि त्याला पलंगावरची पाठ दिसली.

"धुतलीस?" त्यानं विचारलं.

"धुतली."

तो आत येईना आणि बाहेरही जाईना. उघड्या दारातून फेब्रुवारीचा वारा सरळ पलंगापर्यंत येत होता. टबातल्या पाण्याची वाफ आडवी झाली होती.

"दार लाव, ॲमॉस," थर्झा म्हणाली.

"कोण येणार आहे आता?"

"मला थंडी वाजतेय. मला सोसत नाही. लाव ते दार."

लेटीनं चमकून तिच्याकडे पाहिलं. ॲमॉसनं तोंड उघडलं, मिटलं, आणि दार लावून कडी घातली. थर्झानं पंचा घेतला आणि ती पाठ कोरडी करू लागली.